कवड्या की मण्यार? घोडबंदरजवळच्या एका दगडी भिंतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला असलेल्या काही सोसायट्यांची मागची भिंत थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या येऊर परिक्षेत्राला टेकते. हे प्रकरण अशाच एका सोसायटीतलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

भिंत काळ्या दगडाची, साधारण नऊ फूट उंच. डोंगराचं पाणी साचून भिंतीवर दाब येऊ नये म्हणून तिच्यात दर चार-पाच फुटांवर चार इंची पाइपचे तुकडे बसवलेले. मागच्या फाटकापाशी सुरक्षारक्षकाची केबिन आणि तिच्या डोक्यावर रात्रभर जळणारा पांढरा एलईडी. पावसाळ्यात त्या दिव्याभोवती पाखरांचा थवा, पाखरांच्या मागे भिंतीवर दहा-बारा पाली. पाइपच्या भोकांत दिवसा ओल आणि गारवा. पालींवर जगणाऱ्या, रात्री हिंडणाऱ्या, खडबडीत भिंत सहज चढणाऱ्या सापाला याहून सोयीची जागा कुणी मुद्दाम बांधून दिली नसती.

असा साप म्हणजे कवड्या. शास्त्रीय नाव लायकोडॉन ऑलिकस. माणसाला त्याच्यापासून विषबाधा होत नाही. पुढचे दात लांब असतात, ते गुळगुळीत पाली-सापसुरळ्या धरून ठेवण्यासाठी. आपल्याकडे हा साप सर्वांत जास्त मारला जातो तो मण्यार समजून. मण्यारही रात्रीचीच, तिच्याही अंगावर आडवे पांढरट पट्टे, आणि तीही पावसाळ्यात याच पट्ट्यात दिसते.

जूनच्या शेवटी याच भिंतीपाशी बागकामाच्या माणसाने एक पट्टेरी साप फावड्याने मारला. 'मण्यार होती' असं ठरलं आणि धूड नाल्यात गेलं. कुणी फोटो काढला नाही. एरवी मेलेला साप ओळखायला सर्वांत सोपा. डोकं ठेचलं तरी पाठ आणि शेपटी शाबूत असते, लांब काठीने उलटं करून शेपटीखालचे खवले पाहिले की मिनिटभरात निकाल लागतो. (हात मात्र लावायचा नाही. मेलेल्या सापाचं डोकं काही वेळ चावू शकतं.) तो पुरावा वाहून गेला आणि 'इथे मण्यार आहे' ही समजूत तेवढी मागे राहिली. लगेच फिनेल, डांबरगोळ्या, कार्बोलिक अॅसिड अशा मागण्या सुरू झाल्या. यातल्या कशानेही साप अडत नाही, आणि कार्बोलिक अॅसिडने माणसाची कातडी भाजते, हे समितीच्या गळी उतरवण्यात एक अख्खी बैठक गेली.

अडचण

अकरा दिवसांनी रात्री पावणेदहाच्या सुमाराला रक्षकाने केबिनच्या भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या उचलल्या. दोन खुर्च्यांच्या मध्ये साप होता. तो उसळला आणि रक्षकाच्या उजव्या हाताच्या तर्जनीला चावून भिंतीवर चढला. बोटावर बारीक ओरखड्यासारख्या खुणा, दोन थेंब रक्त, दुखणं जवळजवळ नाहीच.

दुखत नाही म्हणून तो स्वतःच निर्धास्त होता. सचिवांना फोनवर म्हणाला, "साहेब, काय नाही, बारका होता. मुंगी चावल्यासारखं वाटलं." मण्यारीच्या बाबतीत नेमकं हेच वाक्य सर्वांत फसवं. तिचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सुजत नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. विष नसांवर काम करतं आणि लक्षणं काही तासांनी उमटतात: पापण्या जड होणं, पोटात दुखणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकणं.

तेवढ्यात एका रहिवाशाने मोबाइलने फोटो काढला. समोरून फ्लॅश, साप हललेला, मागचा निम्मा भाग पाइपच्या आत. दिसत होतं ते एवढंच: गडद तपकिरी की काळं सांगता येणार नाही असं चकचकीत अंग आणि मानेपासून सुरू झालेले सात-आठ पिवळसर पांढरे पट्टे. लांबी अंदाजे सव्वा फूट.

सोसायटीच्या गटावर तीन मतं पडली. एकाने 'शंभर टक्के मण्यार' लिहिलं. दुसऱ्याने 'पट्टे मानेपासून आहेत म्हणजे कवड्या, हळद लावा, झोपा' असं सांगितलं. तिसऱ्याचं म्हणणं होतं की आधी साप मारा, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल. या वादात पंचवीस मिनिटं गेली.

समोरचे पर्याय आणि पहिला निर्णय

गटावरचं दुसरं मत शेवटी बरोबर निघालं. तरीही त्या क्षणी दिलेला तो सर्वांत धोक्याचा सल्ला होता, आणि ते का हे नीट पाहायला हवं.

'पट्टे डोक्याकडे ठळक तर कवड्या, शेपटीकडे ठळक तर मण्यार' हा नियम सर्पमित्र वापरतात आणि मोठ्या सापाला तो चांगला लागू पडतो. प्रौढ मण्यारीच्या मानेमागचा बराचसा भाग बिनपट्ट्याचा असतो किंवा तिथे कण्यावर नुसते पुसट ठिपके असतात. पट्टे पुढे सुरू होतात, बारीक असतात, पुष्कळदा जोडीजोडीने येतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. कवड्याचे पट्टे मानेवरच्या फिक्या कॉलरपासून सुरू होतात, कुशीवर उतरताना रुंदावत त्रिकोणी जाळीसारखे होतात आणि शेपटीकडे विरून जातात. मात्र मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे डोक्याच्या बऱ्याच जवळून सुरू होऊ शकतात. फोटोतला साप सव्वा फुटाचा होता. म्हणजे तो वाढलेला कवड्या असू शकत होता आणि मण्यारीचं पिल्लूही असू शकत होतं. निकाल लावणारा मागचा अर्धा भाग नेमका पाइपात होता.

सचिवांनी ज्या सर्पमित्राला फोन लावला त्याने फोटो उघडण्याआधीच विचारलं, "माणूस कुठे आहे आत्ता?" अजून केबिनमध्येच बसलाय म्हटल्यावर त्याने सापाबद्दल एक शब्द बोलायचं नाकारलं. आधी त्यांना गाडीत बसवा, मग बोलू, असं त्याचं उत्तर.

रुग्णालय कुठलं, हा दुसरा प्रश्न होता. कोपऱ्यावरचा दवाखाना पाच मिनिटांवर. पण प्रतिविष आणि गरज पडली तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाचं यंत्र, या दोन्ही गोष्टी जिथे आहेत तिथेच जाण्यात अर्थ असतो. दोन ठिकाणी फोन करून विचारलं आणि पंचवीस मिनिटांवरच्या रुग्णालयात न्यायचं ठरलं. रक्षकाच्या बोटातली अंगठी काढली, सूज आली तर ती रुतते. हाताला लाकडी फूटपट्टी बांधून तो हलणार नाही असा ठेवला. करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही झालं नाही. त्याला चालू न देता रिक्षा केबिनपर्यंत आणली. निघायला सव्वादहा झाले, पोचायला पावणेअकरा.

तिथे त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि चोवीस तास देखरेखीखाली ठेवलं. पापण्या, बोलणं, मान उचलता येते का, श्वास, हे ठरावीक वेळाने तपासत राहिले. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून वीस मिनिटांची चाचणीही केली: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवतात, मग तिरकी करतात. रक्ताची गोळी झाली असेल तर ती जागची हलत नाही, नाही तर रक्त पाण्यासारखं वाहतं. इथे गोळी घट्ट होती. विषबाधेचं एकही लक्षण उमटलं नाही, त्यामुळे प्रतिविष दिलं नाही. ते लक्षणांवर देतात, सापाच्या फोटोवर नाही. त्याची स्वतःची रिअॅक्शन जीवघेणी ठरू शकते, म्हणून 'सावधगिरी म्हणून देऊन टाका' असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

दुसरा निर्णय: साप काढायचा की थांबायचं

सर्पमित्र अकराच्या सुमाराला पोचला. येण्याआधी त्याने वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवलं होतं. पाइपात पाणी सोडून किंवा तार घालून साप बाहेर काढावा असं जमलेल्या बहुतेकांना वाटत होतं. त्याने ते केलं नाही. तारेने साप जखमी होतो. पाणी सोडलं तर तो भिंतीमागच्या मातीत शिरतो आणि मग तो कोण होता हे कधीच कळत नाही.

केबिनवरचा दिवा तसाच चालू ठेवला, माणसं पंधरा फूट मागे घेतली, बोलणं थांबवलं. वीस-बावीस मिनिटांनी एक पाल पाइपच्या तोंडाजवळून सरकली आणि तिच्यामागे आधी चपटं डोकं, मग हळूहळू सगळा साप बाहेर आला.

फोटो घेण्याची रीत इथे महत्त्वाची ठरली. मोबाइल दोन मीटरवर, झूम तिप्पट, फ्लॅश बंद. टॉर्च दुसऱ्या माणसाच्या हातात, सापाच्या बाजूने, जवळजवळ भिंतीला समांतर धरलेला. समोरच्या उजेडात गुळगुळीत खवल्यांवर नुसती चकाकी येते. बाजूच्या उजेडात प्रत्येक खवल्याच्या कडेला बारीक सावली पडते आणि खवले मोजता येतात. फ्रेम ठरवून घेतल्या: पूर्ण साप, पाठीचा मधला भाग वरून, शेपटीचं टोक, डोकं बाजूने. भिंतीवरचा पाइप चार इंची असल्याने लांबीचा अंदाज फोटोतूनच निघाला, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. पुढे पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले. साध्या पद्धतीने पाठवले की ते दाबले जातात आणि खवल्यांच्या कडाच नाहीशा होतात.

ओळख कशावरून पटली

सर्वांत जास्त वजन दिलं ते पाठीच्या मधल्या ओळीला. मण्यारीच्या कण्यावरून डोक्यामागून शेपटीपर्यंत खवल्यांची एक ओळ जाते. तिच्यातले खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा उघड मोठे आणि षटकोनी असतात, फरशीच्या मधोमध वेगळ्या टाइल्सची पट्टी घालावी तसे. पिल्लातही ही ओळ असते आणि पट्टे पुसट झालेल्या म्हाताऱ्या मण्यारीतही असते. म्हणून पट्ट्यांपेक्षा तिच्यावर भरवसा ठेवायचा. या सापाच्या पाठीवर तशी ओळ नव्हती. कण्यावरचा खवला आणि त्याच्या बाजूचा खवला मापाने सारखेच.

मग शेपटी. मागच्या तिसऱ्या भागात पट्टे विरत गेलेले, शेपटी जवळजवळ एकरंगी तपकिरी. मण्यारीत इथे उलट दिसलं असतं.

डोकं चपटं, पुढे पसरट, वरचा जबडा खालच्याच्या पुढे आलेला, मान जरा आत गेलेली. मण्यारीचं डोकं गोलसर असतं आणि मानेपासून वेगळं असं फारसं दिसत नाही. जवळच्या फोटोत नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये एक स्वतंत्र छोटा खवलाही दिसला. कवड्यात तो असतो, मण्यारीत नसतो. पण हे लक्षण फोटो अतिशय स्पष्ट असेल तरच धरावं. धूसर फोटोत लोकांना हवा तिथे खवला दिसतो.

काही गोष्टी जाणूनबुजून मोजल्या नाहीत. साप भिंत चढला हे कवड्याच्या बाजूने बोलतं, पण मण्यार चढतच नाही असं म्हणता येत नाही. डिवचल्यावर डोकं वेटोळ्याखाली लपवणं दोघांतही दिसतं. डोळे दोघांचेही काळेभोर. 'उभी बाहुली म्हणजे विषारी' हा सल्ला तर इथे सपशेल उलटा पडतो, कारण बिनविषारी कवड्याची बाहुली उभी असते आणि नाग व मण्यार या दोघांची गोल. पट्टेरी म्हणून कुकरी सापाचंही नाव कुणी तरी घेतलं. तो लगेच बाद झाला. कुकरीचं अंग फिकं आणि पट्टे गडद, शिवाय डोक्यावर बाणासारख्या खुणा.

दुसऱ्या दिवशी उजेडात शेजारच्या पाइपच्या तोंडाशी कात सापडली. हातमोजे घालून ती कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवली, मऊ झाल्यावर काळ्या कागदावर पसरली. अंगाच्या मध्यावर तिरप्या रेषेत मोजल्यावर खवल्यांच्या सतरा ओळी आल्या. मण्यारीत बहुधा पंधरा असतात, क्वचित सतराही, त्यामुळे नुसत्या आकड्यावर थांबायचं नाही. कण्यावरची ओळ इथेही साधीच होती. शेपटीखालचे खवले जोडीने, मधोमध नागमोडी शिवण दिसणारे. मण्यारीत तिथे आडव्या अखंड पट्ट्या एकाखाली एक असतात. कात ताणलेली असते, म्हणून तिच्यावरून सापाची लांबी सांगू नये. आणखी एक, ही कात आदल्या रात्रीच्याच सापाची आहे असं सिद्ध होत नाही. भिंतीत कवड्या राहतात, एवढंच तिने सांगितलं. रात्रीच्या सापाची ओळख रात्रीच्या फोटोंवरच उभी होती.

तिसरा निर्णय आणि परिणाम

'बिनविषारी असला तरी जंगलात खोल सोडून या' अशी मागणी झाली. सर्पमित्राने साप पकडलाच नाही. जंगल भिंतीच्या पलीकडेच होतं आणि साप तिथूनच ये-जा करत होता. त्याला लांब नेलं असतं तर ओळखीची बिळं आणि भक्ष्य दोन्ही तुटलं असतं, आणि पाली होत्या तोवर रिकाम्या पाइपात दुसरा कवड्या आला असता.

बदल जागेत केले. केबिनवरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावला आणि तो भिंतीपासून दहा फूट दूर, खाली तोंड करून बसवला. पाखरं कमी झाली, पंधरवड्यात पालीही पांगल्या. पाइपची तोंडं बुजवली नाहीत, बुजवली तर भिंतीमागे पाणी तुंबतं. भिंतीच्या आतल्या बाजूने त्यांना बारीक छिद्रांची जाळी लावायचं ठरलं, पण जाळीत पालापाचोळा अडकतो आणि दर आठवड्याला कुणी तरी साफ करावा लागतो. ते काम कुणाचं, यावर एकमत न झाल्याने निम्म्या पाइपांना जाळी आहे, निम्म्यांना नाही. खुर्च्या आता भिंतीला टेकवत नाहीत. रात्रपाळीचा रक्षक विश्रांतीला जमिनीवर सतरंजी टाकायचा, त्याला खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी मिळाली. कवड्यासाठी याची गरज नव्हती. मण्यारीचे दंश मुख्यतः जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात, म्हणून हे केलं.

आणि ते वाया गेलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंपघरामागच्या डेब्रिजच्या ढिगात तीन फुटांची मण्यार निघाली. भिंतीपासून साठ-सत्तर पावलांवर. मण्यार उंदीर, बेडूक, पाली खाते आणि दुसरे सापही खाते, त्यात कवड्याही आला. भिंतीवर कवड्या आहे म्हणजे आवारात मण्यार नाही, असा अर्थ काही रहिवाशांनी जुलैत काढला होता, तो इथे मोडला. या वेळी फोटो बाजूने टॉर्च धरून, लांबून काढलेला होता. त्यात षटकोनी ओळ आणि शेपटीपर्यंत पोचलेले जोडपट्टे स्वच्छ दिसत होते. वन विभागाला कळवून तिला बाहेर काढलं आणि नंतर ढीग उचलला.

वेगळं काय करता आलं असतं

दंशानंतरची पंचवीस मिनिटं अजिबात जायला नको होती. चावलेला माणूस आणि चावलेला साप हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे आधी ठरलेलं असतं, तर गटावर वाद चालू असतानाच रिक्षा निघाली असती. आता केबिनमध्ये एक कागद चिकटवलेला आहे: प्रतिविष आणि श्वासोच्छ्वासाचं यंत्र असलेलं रुग्णालय, १०८, १९२६. सापाचं चित्र त्यावर मुद्दाम टाकलेलं नाही. चित्र असलं की लोक जुळवत बसतात.

जूनमधला मेलेला साप नाल्यात टाकण्याआधी पाठीचा आणि शेपटीखालचा असे दोन फोटो निघायला हवे होते. तो कवड्याच होता की खरोखर मण्यार, हे आता कळणार नाही, आणि सप्टेंबरनंतर त्या प्रश्नाला नवी धार आली आहे.

सर्पमित्राच्या बाजूनेही एक चूक राहिली. साप पाइपातून निघायची वाट पाहत असताना दोन लहान मुलं गर्दीतून पुढे आली होती आणि त्यांना मागे घ्यायला कुणी नेमलेलं नव्हतं. तोवर साप ओळखलेला नव्हता, म्हणजे तो मण्यारच आहे असं धरून अंतर राखायला हवं होतं.

रक्षकाचे रुग्णालयातले दोन दिवस कंत्राटदाराने खाडा धरून पगारातून कापले. रिक्षाचे पैसे सचिवांनी खिशातून दिले होते. हा खर्च सोसायटीच्या कुठल्या खात्यात टाकायचा, हा विषय वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर अजून आहे.